ग्रेव्हीचा डाग पडलेलं पाकीट

मतपेटी वाचनालयाच्या दाराशी होती. ऑर्विल टिबेट्सने आपलं आणि बायकोचं अशी दोन्ही पाकिटं तिच्यात टाकली आणि तो पिकअपमध्ये येऊन बसला.

"ऑर्विल, ग्रेव्हीचा डाग पडलेल्या पाकिटावर सही तूच केलीस ना?" नेल्डाने विचारलं.

"हो. का?"

"ते माझं होतं."

ऑर्विलचा हात किल्लीवरच थांबला. टपालाने आलेल्या मतपत्रिका दोघांनी जेवता जेवता टेबलावरच भरून आपापल्या नावाच्या पाकिटात घातल्या होत्या; पाकिटांवर सह्या करताना मात्र अदलाबदल झाली होती. म्हणजे तिच्या नावाखाली त्याची सही आणि त्याच्या नावाखाली तिची! त्याने किल्ली फिरवली, तसा रेडिओवर वेस ब्रॅडॉक गरजला, "मला ॲटर्नी जनरल करा! मतपत्रिकेवर दुसऱ्याच्या नावाने सही करणारा थेट तुरुंगात जाईल! दया नाही, सबब नाही!"

राज्याचा सर्वात मोठा सरकारी वकील व्हायला निघालेल्या या ब्रॅडॉकलाच ऑर्विलने मत दिलं होतं. ही जाहिरात लागली की तो टाळ्या वाजवायचा.

"बंद कर त्याला!" तो ओरडला.

"तुझाच आहे तो. मी त्याच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईंना मत दिलंय."

"हळू बोल गं!"

"गाडीत कोण ऐकतंय?"

घरी जाऊन ऑर्विल मांस भाजायचा लांब चिमटा घेऊन परतला. पेटीची फट अरुंद होती. चिमटा आत शिरला, पाकिटांना टेकला आणि घामेजल्या हातातून सुटून आतच पडला. त्याच्या दांड्यावर 'ऑर्विल टी.' असं कोरलेलं होतं. नेल्डाने वाढदिवसाला तसं मुद्दाम कोरून घेतलं होतं. त्याने मान वर केली, तेव्हा त्याला कॅमेरा दिसला.

"मग काय केलंस?" घरी नेल्डाने विचारलं.

"हात हलवला."

"कॅमेऱ्याला?"

"पळालो असतो तर संशय आला असता!"

"हो ना, चिमट्यामुळे कसला येतोय संशय!"

ऑर्विलने पिशवीत दात घासायचा ब्रश आणि रक्तदाबाच्या गोळ्या भरून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शेरीफची गाडी दारात थांबली, तेव्हा तो कपड्यांच्या कपाटात शिरला. शेरीफचा माणूस शेजाऱ्यांचं हरवलेलं कुत्रं शोधत होता, हे पटवून त्याला बाहेर काढायला नेल्डाला बराच वेळ लागला.

मग निवडणूक कचेरीतून फोन आला: दोघांनीही या.

तिथल्या पुलियमबाईंनी आधी चिमटा काउंटरवर ठेवला. त्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून ऑर्विल आणखीच घाबरला.

"नवरा-बायकोत सह्यांची अशी अदलाबदल दर निवडणुकीत होते," त्या म्हणाल्या. "ओळखपत्र दाखवा, आपापल्या अर्जावर सही करा. मतं मोजली जातील."

नेल्डाने झटकन सही केली.

"आणि... तुरुंग?" ऑर्विलने विचारलं.

"यासाठी आजवर आमच्याकडून कोणी गेलेलं नाही."

"आणि यापुढे?"

"ते नवे ॲटर्नी जनरल ठरवतील."

ऑर्विल हातातल्या पेनाकडे बघत राहिला.

"मी सही केली नाही, तर?"

"तर तुमचं मत बाद."

रस्त्यापलीकडच्या प्रचारफलकावरचा ब्रॅडॉक खिडकीतून थेट आत बघून हसत होता. ऑर्विलने पेनाला टोपण लावलं, ते हळूच काउंटरवर ठेवलं आणि पुलियमबाईंच्या दिशेने वाकून तो कुजबुजला,

"हिचं तेवढं नक्की मोजा हं."