एका दाराचे बळकटीकरण

संस्थेने अर्ज केला होता तो एका दाराचा. परवडणारी घरे बांधणारी ती लहानशी संस्था. तिची अकरा घरे नांदती झाली होती. बाराव्याला चौकट होती, कडी होती, मागे गजांची खिडकी होती, फक्त दार नव्हते. लाकूड संपले होते. दाराशिवाय ताबा देऊ नये असा नियम. आणि जिच्या नावाचे ते घर, ती इस्त्रीवाली मावशी एका जिन्याखाली राहत होती. महिनाअखेर तो जिना तिला सोडायचा होता.

अर्ज गृहसंस्था बळकटीकरण मंडळाकडे गेला. आठवड्याने दाराऐवजी सल्लागार आले.

"दार आम्ही देत नाही," ते म्हणाले. "दार दिलं की संस्था परावलंबी होते. आम्ही संस्थेला इतकी बळकट करतो, की दार तिच्या आतूनच यावं."

"साहेब, सात बाय तीनच्या फळ्या द्या," सुतारकाका म्हणाले. "दोन दिवसांत आतून काय, बाहेरूनही येईल."

सल्लागारांनी नोंद केली : 'सुतार. दृष्टी संकुचित. सात बाय तीन.'

ही दृष्टी रुंदावण्यासाठी सुतारकाकांना नेतृत्वशिबिरात बसवण्यात आले. गवंडीदादांनी 'पाया म्हणजे काय' हे तीन दिवस ऐकले आणि चौथ्या दिवशी, आजवर घातलेल्या अकरा पायांविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली. चिटणीसबाई म्हणजेच संस्थेचे सगळे कार्यालय. त्या 'आमचे दुबळेपण' हा तक्ता चार रंगांत रंगवत बसल्या. शिबिराला जागा हवी, म्हणून बारावे घर घेतले. दार नसल्याने तिथे विचारांची ये-जा मोकळी राहते, असे सल्लागारांचे निरीक्षण होते.

संध्याकाळी कपड्यांचे गाठोडे डोक्यावर घेऊन मावशी चौकटीपाशी येई.

"काका, माझं दार कुठवर आलं?"

"अजून आमच्या आतच आहे म्हणतात, मावशी."

"मेलं, रानातलं झाड पायी निघालं असतं तरी एव्हाना पोचलं असतं."

मग ती उंबऱ्यावर टेकायची आणि स्वतःशीच गुणगुणायची :

दार माझं बाई, त्याला उंबऱ्याची भाषा,
लावलं तरी राहते आल्यागेल्याची आशा.

एके दिवशी ते सल्लागारांनी ऐकले. त्यांचे डोळे पाणावले. लाभार्थींचा आवाज त्यांना तक्त्यात हवाच होता. या ओळींचा एक फलक करावा, असे त्यांनी मंडळाला कळवले. मंडळाकडे दारासाठी लाकूड नव्हते, फलकासाठी होते. आठ दिवसांत फलक आला. सागवानी, उभा, वर मंडळाचे नाव, खाली मावशीच्या ओळी. सुतारकाकांनी तीनदा मोजला. सात बाय तीन.

"साहेब, हे दारच आहे."

"हा फलक आहे. दार असतं तर मंजूर झालं नसतं."

"मग चौकटीत लावतो. बिजागऱ्या आहेत माझ्याकडे."

सल्लागारांनी विचार केला. "चौकटीत लावा. पण बिजागऱ्या नकोत. अनावरणाच्या समारंभात पाहुणे वाचताना अक्षरं हलली तर संस्था डळमळीत वाटेल. खिळे मारा."

पाहुणे गेले की खिळे उपटू, असे मनाशी ठरवून सुतारकाकांनी समारंभाच्या सकाळी आठ खिळे मारले.

तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. मावशी पहाटेच जिना रिकामा करून, इस्त्री आणि गाठोडे घेऊन आली होती. खुर्च्या बाहेर काढलेल्या, घर मोकळे. ती मागच्या कोपऱ्यात केर काढत होती. समोर अंधार झाला तसे तिला कळले, दार लागतेय. स्वतःच्या घराचे दार आयुष्यात पहिल्यांदा लागताना मध्येच काय बोलायचे, म्हणून ती केरसुणी छातीशी धरून गप्प उभी राहिली.

भाषणे झाली, टाळ्या झाल्या. मग टकटक ऐकू आली. हा बोटांचा आवाज आहे, हे सुतारकाकांना लाकडावरून कळले. ते हातोडा घेऊन धावले.

"थांबा," सल्लागार म्हणाले. "मंडळाचा फलक हलवायचा तर रीतसर अर्ज लागतो."

"आत बाई आहे, साहेब."

"मग तसं अर्जात लिहा."

चिटणीसबाईंनी अर्ज केला. पुन्हा एका दाराचाच. या वेळी उघडण्याचा. तो विचाराधीन आहे. मावशी खिडकीच्या गजांतून कपडे घेते, इस्त्री करून गजांतूनच परत देते. मंडळाच्या अहवालात नोंद आहे : 'ताबा पूर्ण. लाभार्थी इतकी समाधानी, की घराबाहेर पाऊलही टाकत नाही.'

समारंभाला तुम्ही होतात. दुसऱ्या रांगेत. फलकावरच्या ओळी वाचून तुम्हाला गहिवरून आले होते. टकटक तुम्हीही ऐकलीत, आणि शेजाऱ्याला म्हणालात, "काम बघा किती पक्कं आहे, टाळ्या कशा घुमतात." आणि पुन्हा टाळ्या वाजवल्यात.