काबुतोवरची कुर्ली

इथे आखातात, अब्बासियातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सामुराईचं शिरस्त्राण घालून दार उघडणारा माणूस एकच, समोरचे दळवीकाका. ड्यूटीची बस पकडायच्या घाईत मी चमचाभर साखर मागायला जावं, तर दारात हा जपानी योद्धा. डोक्यावर लोखंड, मानेवर पट्ट्यांची झालर आणि खाली गंजीफ्रॉक-लुंगी. "काय गो सिस्टर?" योद्धा विचारणार. आता मी साखर मागू की शरण जाऊ?

काका मालवणकडचे. इथल्या एका दवाखान्यात प्लास्टर टेक्निशियन. लोकांचे मोडलेले हातपाय बांधण्यात उभा जन्म गेला. बायको गावी, मुलगी सुषमा लग्न होऊन कणकवलीला. इथे एकट्या राहणाऱ्या माणसाला काही ना काही खूळ लागतंच. कुणी गॅलरीत कोथिंबीर लावतो, कुणी पहाटे उठून शेअर बाजार बघतो. काकांना फ्रायडे मार्केटमधल्या जुन्या सामानात हा टोप दिसला आणि संपलंच सगळं.

"टोप म्हणू नको गो. टोपात भात शिजता. ह्याका काबुतो म्हणतत."

विकणाऱ्यानं तो तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणून सांगितला होता. आमचे हे इंजिनिअर, त्यांना गप्प बसवेना. त्यांनी आतला प्लसवाला स्क्रू दाखवला. काकांनी चष्मा वर केला, स्क्रू निरखला आणि म्हणाले, "जपान तेवापासनाच फुडे होतो." आमचे हे चहा पिऊन परत आले.

काबुतोच्या कपाळाला एक खाच होती, पण खाचेत बसणारं चिन्ह मात्र हरवलेलं. हे चिन्ह म्हणजे सामुराईची शान, शत्रूनं लांबूनच बघून टरकलं पाहिजे, हे मी जिना चढताना, उतरताना, एकदा तर कचरा टाकताना ऐकलं. कुणी चंद्रकोर लावायचा, कुणी सांबराची शिंगं, कुणी चतुर नावाचा किडा, कारण तो म्हणे मागे उडत नाही. मग एक दिवस त्यांना मोबाईलवर खेकडेवाल्या काबुतोचा फोटो सापडला. त्या दिवशी त्यांनी जेवणसुद्धा केलं नाही.

"जपान्यांनी कुर्ली लावल्यानी कपाळाक! मगे मालवणी माणसान काय घोडा मारल्यान?"

महिनाभर खपून त्यांनी प्लास्टरच्या पट्टीची कुर्ली केली. सोनेरी रंग, दोन्ही नांगे वर उगारलेले. खरंच सांगते, बघून भूक लागायची.

तेवढ्यात सुषमाला मुलगी झाली. काकांना रजा मिळेपर्यंत बारसं लांबवलं होतं. काकांनी जाहीर केलं की आजोबांकडून नातीला काबुतो. जपानात म्हणे पोराच्या पहिल्या सणाला आजोळहून काबुतोच जातो.

"तो मुलग्यांना देतात ना?" मी म्हटलं.

"डोक्याक काय झील आणि चेडू असता?"

व्हिडिओ कॉलवर सुषमा मात्र भडकली. "बाबा, माहेरून टोपडं येतं, कुंची येते. सासरची माणसं काय म्हणतील? तो खेकडा घेऊन आलात तर बारशाला मी तुमच्याशी बोलणार नाही." मी मागून मान हलवून तिलाच दुजोरा देत होते. काका "बरा" म्हणाले आणि फोन ठेवला. मला त्या "बरा"चा काडीचा भरवसा नव्हता.

रजेचं तर विचारूच नका. मॅनेजर रोज "बुकरा, बुकरा" म्हणायचा आणि त्याचा तो उद्या काही उजाडेना. काका वाळत चालले. शेवटी एकदाची सही झाली.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले, चक्क बोडक्या डोक्यानं. हातात इवलंसं टोपडं. प्लास्टरच्या आत घालतात त्या मऊ सुती कापडाचं, स्वतः शिवलेलं. मानेवर तीन पदरांची झालर, लाल रेशमी दोरीनं ओवलेली. कपाळावर पिवळ्या धाग्याची कुर्ली, पण नांगे मिटलेले.

"मोठो काबुतो ऱ्हवांदे हयच. तू बारक्या पोरांच्या वॉर्डात असतस. बघ गो, खय टोचता काय?"

मी आतून बोट फिरवलं. सगळ्या शिवणी त्यांनी बाहेरच्या बाजूला घेतल्या होत्या.

"नांगे का मिटवले, काका?"

"घाबरतली ती."

मग उभ्या उभ्याच सांगितलं. सुषमा झाली तेव्हा ते इथे होते. पहिल्यांदा घरी गेले तेव्हा ती दोन वर्षांची. उचलायला हात पुढे केले तर किंचाळून आईच्या मागे लपली. रजा संपून ते इकडे परतेपर्यंत जवळ आली नाही. आईला रोज विचारायची, हा माणूस कधी जाणार?

"नातीन माका बघून रडाक नको. बाकी काय नाय."

माझे डोळे भरून आले. "नाही टोचत काका, अगदी मऊ झालंय," मी कसंबसं म्हटलं.

ते हलेनात. आपल्या झुपकेदार मिशांवरून त्यांनी दोनदा हात फिरवला. "आणि मी?"



पहाटे खाली टॅक्सी आली. मी गॅलरीतून हात केला. काकांनी वर बघितलं, आणि मला क्षणभर ओळखूच आले नाहीत. ओठांवर मिशा नव्हत्या.