एक दादर

मंगळवार, अकरा फेब्रुवारी, दुपारी चार. मासिक सभा, तळमजल्याचा हॉल. हजर: जोगळेकरबाई (निवृत्त मुख्याध्यापिका, सभेच्या अध्यक्ष), डॉक्टर पै, दुसऱ्या मजल्याच्या नर्स शिल्पा, अठरा रहिवासी आणि व्यवस्थापक म्हणून मी. राऊळ मास्तरही हजर, पण दाराशी उभे. खुर्च्या रिकाम्या होत्या.

"बसा की मास्तर," मी म्हटलं.

"ड्युटीवर बसत नाय मी."

लालबागमधल्या आमच्या या ज्येष्ठ निवासात लिफ्टमन नाही. लिफ्ट बटणावर चालते. तरी गेले आठ महिने मास्तर सकाळी दहा ते बारा आणि संध्याकाळी पाच ते सात लिफ्टमध्ये उभे असतात. हातात जुना तिकीट-पंच. तो दोनदा टकटक वाजवल्याशिवाय ते कुठलंही बटण दाबत नाहीत. त्यांची सगळी नोकरी बस कंडक्टर म्हणून लालबाग ते शीव याच रस्त्यावर गेली आणि मुंबईत कंडक्टरला मास्तर म्हणतात. जोगळेकरबाईंना याचं फार दुःख आहे. "जन्मभर शाळेत मी उभी राहिले, आणि मास्तर हे!"

मजल्यांना त्यांनी स्टॉप लावलेत. तळमजला डेपो, पहिला लालबाग, दुसरा परळ, तिसरा दादर, चौथा माटुंगा आणि पाचवा, जिथे ते स्वतः राहतात, तो शीव. "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या! आत सरका, आत जागा आहे!" ही घोषणा लिफ्टमध्ये एकटा माणूस असला तरी होते. फिजिओथेरपीला जाणारे त्यांच्या भाषेत वर्कशॉपला जातात. संध्याकाळच्या नाश्त्याला उपमा असला की डेपोत चढणाऱ्या प्रत्येकाला ते हळूच बजावतात, "आज कँटीन बंद समजा."

एकदा एका रहिवाशाच्या मुलीचा मला घाबरून फोन आला. "बाबा सांगतायत, मी माटुंग्याला आलोय. तुम्ही त्यांना एकटं बाहेर सोडलंच कसं?" बाबा चौथ्या मजल्यावर कॅरम खेळत होते.

लिफ्टच्या कोपऱ्यात मास्तरांनी एक स्टूल ठेवलंय. त्यावर कुणी बसायचं नाही. डॉक्टर पै एकदा टेकले. त्यांना ताबडतोब उठवण्यात आलं. "डॉक्टर, लेडीज सीट." मग जोगळेकरबाई बसायला गेल्या, तर म्हणाले, "रिझर्व आहे." बाई आठवडाभर जिन्याने गेल्या.

मास्तरांच्या पत्नी सुलभाताई याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर असतात. विस्मरण झालेल्यांचा तो मजला. त्या परळच्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या, आणि त्यांच्या हिशेबी अजून आहेत. शेजारच्या आजींची नाडी बघतात, शिल्पाला चादरीच्या घड्यांवरून बोलतात. मास्तर रोज सकाळी आठला इस्त्रीचा सदरा घालून, अबोलीचा गजरा घेऊन त्यांना भेटायला जातात आणि रोज बाहेर काढले जातात. "भेटायची वेळ चारनंतर. कोण आपण? बाहेर थांबा." गजरा तेवढा ठेवून घेतात. मास्तर हा किस्सा स्वतःच सगळ्यांना सांगतात आणि स्वतःच सगळ्यांत मोठ्याने हसतात.

तर त्या मंगळवारच्या सभेत विषय क्रमांक चार होता लिफ्ट. जोगळेकरबाईंची तक्रार अशी, की रोज संध्याकाळी सहा दहाला मास्तर दुसऱ्या मजल्यावर दार उघडं धरून ठेवतात. कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. बाकीचे वर-खाली ताटकळतात.

"कोणासाठी थांबता तुम्ही?" बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"पॅसेंजरसाठी."

"कुठल्या?"

मास्तर पंच चोळत राहिले. ठराव झाला: लिफ्ट थांबवणे बंद, राऊळ यांना लेखी सूचना द्यावी.

पाचवा विषय पाण्याची टाकी साफ करून घेण्याचा. सहावा शिल्पाने मांडला: सुलभाताई संध्याकाळी मजल्यावरून नाहीशा होतात आणि तिसऱ्या मजल्यावर वाचनालयात खिडकीशी बसलेल्या सापडतात. दोन आठवड्यांत तीनदा. ठराव: दुसऱ्या मजल्याच्या दाराला साडेपाचनंतर कडी. मी तिन्ही कामं वहीत लिहिली, समोर चौकोन काढले. बरोबरची खूण करायला मला आवडतं.

सूचना देण्याआधी नक्की किती वेळ जातो ते मोजावं म्हणून बुधवारी सहाला मी लिफ्टमध्ये उभी राहिले. चाळीस सेकंद. कुणी आलं नाही. गुरुवारी एक्केचाळीस. मास्तर माझ्याकडे न बघता कॉरिडॉरकडे बघत होते.

शुक्रवारी सव्वीस सेकंद झाले आणि चपलांचा आवाज आला.

"थांबा हो, थांबा!"

सुलभाताई. खांद्याला पर्स, पदर खोचलेला, केसांत सकाळचा गजरा. ज्या गुडघ्यांसाठी आम्ही वॉकर आणला त्याच गुडघ्यांनी जवळजवळ पळत.

"सावकाश या, सिस्टर. गाडी सोडत नाय मी."

मास्तरांनी रुमालाने स्टूल पुसलं. त्या बसल्या. "ड्युटी संपता संपता पेशंट येतात मेले. तुम्ही रोज थांबता माझ्यासाठी. एखाद दिवशी ओरडा खाल."

"खाईन."

"एक दादर."

पंच वाजला, टकटक. मास्तरांनी खिशातून एक जुनं, कापडासारखं मऊ झालेलं तिकीट काढून त्यांच्या हातात दिलं. लिफ्ट एक मजला चढू लागली.

"या कोण?" सुलभाताईंनी माझ्याकडे बघत विचारलं.

"चेकर बाई आहेत," मास्तर म्हणाले.

त्या माझ्याकडे झुकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "यांची कम्प्लेंट करू नका हं. चांगला माणूस आहे. लग्न व्हायचंय अजून त्यांचं."

तिसरा मजला आला. "दादर!" मास्तर म्हणाले. त्या उतरताना मास्तरांनी तिकीट परत मागून घेतलं. दोन पावलं जाऊन सुलभाताई वळल्या.

"उद्या ड्युटीवर आहात ना?"

मास्तरांनी माझ्याकडे बघितलं. चेकर मी होते.

"आहेत," मी म्हटलं.

त्या वाचनालयाकडे गेल्या. मास्तरांनी लिफ्टमधल्या फोनवरून शिल्पाला सांगितलं, "दादरला उतरल्यात, घेऊन जा." तिन्ही वेळा त्या याच फोनमुळे सापडल्या होत्या; कशा सापडल्या, हे सभेत विचारायचं मला सुचलंच नव्हतं. दार मिटल्यावर ते म्हणाले, "सकाळी नवरा जातो, त्याला हाकलते. कंडक्टरला ओळखते, मॅडम."

आज सोमवार. विषय पाच, टाकी: साफ झाली, खूण केली. विषय चार, राऊळ यांना लेखी सूचना: टाइप करायची आहे. विषय सहा, कडी: शनिवारीच आणली, स्क्रूसकट माझ्या खणात आहे. सुताराला फोन करायचा राहिला आहे.