अंगठ्यावरचं लिंबू

“नखुरडं झालं म्हणून कुणी दवाखान्यात जातं व्हय? दारात लिंबोणी हाय माझ्या!” मुंजाजीनं पुण्याच्या पोराला फोनवर सुनावलं आणि ठणकणारा अंगठा हळद-मीठ घातलेल्या लिंबात खुपसला.

उपाय बायकोचा, छबुबाईचा. पित्त झालं की लिंबू-साखर, नखुरडं झालं की अंगठ्याला लिंबाची टोपी! चाळीस वर्षं टोपी तिनंच घातली, तिनंच काढली. ती जाऊन वर्ष झालं. मुंजाजी तेव्हा रडलासुद्धा नव्हता, नुसता दगडासारखा बसून होता. टोपी घालायची कशी ते त्याला पाठ होतं. काढायची कधी, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं! म्हणून चार दिवस लिंबू अंगठ्यावरच, रोज नवं.

पाचव्या दिवशी तो हयातीच्या दाखल्यासाठी निघाला. पाटबंधारे खात्यात खोरं मारून रिटायर झालेला माणूस. महिनाअखेरपर्यंत दाखला गेला नाही तर पेन्शन बंद. युसूफवडगाव या गावाला जाणाऱ्या जीपमध्ये तो चढला तर त्याचं हळदीचं लिंबू बघून बाया आक्रसून बसल्या.

“कुणावर करणी करायला निघालंय बे म्हातारं?” मागून एक जण कुजबुजला. दोघं तर मध्येच उतरले! मुंजाजीला जन्मात पहिल्यांदा खिडकी मिळाली.

ऑनलाइन सेंटर चालवणाऱ्या वनितानं ठसा घ्यायला लिंबू उपसलं. आतला अंगठा लोणच्यातल्या फोडीसारखा मऊ, सुरकुतलेला. मशीननं तीनदा नाकारला. बाकीच्या बोटांच्या रेघा खोरं ओढून ओढून कधीच पुसलेल्या.

“बाबा, मशीन म्हणतंय तुमी न्हाईत.”

“न्हाई कसा? तुझ्याम्होरं उभा हाय की!”

“मला दिसताय हो, त्याला न्हाई.” तिनं त्याचं रेशनकार्ड उघडून बघितलं. “छबुबाईंचं नाव चालू हाय. त्यांना आणा साक्षीला.”

ते नाव कमी करायला मुंजाजी दोनदा गेलता आणि दोन्ही वेळा दारातूनच माघारी आलता.

“ती न्हाई यायची, पोरी.”

“मग महिनाअखेरीला या. कातडी नवी येईल. तोवर हयात राहा म्हंजे झालं!”

घरी येऊन तो लिंबोणीखाली बसला. लई एकटं वाटत होतं. कागदावर छबुबाई हाय, मुंजाजी न्हाई!

“छबे, काढायचं कधी, तेवढं तरी सांगून जायचं हुतं!”

डोळा जरासा ओला झाला म्हणून त्यानं अंगठ्यानं पुसला. चार दिवस लिंबात मुरलेल्या त्याच अंगठ्यानं! वर्षभर अडलेलं पाणी घळाघळा वाहायला लागलं, थांबेचना.

“भावजी, रडू नका हो!” कुंपणापलीकडून शेजारची मंगल कळवळली.

“रडतंय कोण?” मुंजाजी हुंदके देत ओरडला. “लिंबू गेलंय डोळ्यात!”

आणि ते खोटंही नव्हतं.