इरोकाची बैठक

"गारी करण्यात काय आहे एवढं? पोत्यावर वजन ठेवायचं, की झालं!" असं इरोका बोलून गेला. एकट्या बायकोसमोर बोलला असता तर निभावलंही असतं. पण कुंपणापलीकडं शेजारीण अदाकू उभी होती, आणि अदाकूच्या कानात पडलं की ते गावात पडलं.

त्याची बायको म्बाफो थोरल्या लेकीच्या बाळंतपणाला शहराकडं निघाली होती. ती डोक्यावरचं गाठोडं खाली ठेवून म्हणाली, "असं का? मग मी परत येईन त्याच संध्याकाळी आपल्या धाकट्या ओझिओमाला मागणी घालायला पाहुणे यायचेत. त्यांच्या ताटात तुमच्याच हातची गारी वाढू."

"वाढू की!"

"अन् नाही जमली तर?"

"तर जन्मभर तुझ्या स्वयंपाकाला नाव ठेवणार नाही." (इरोकाला दुसरा विरंगुळा नव्हता, तेव्हा ही शपथ लहान समजू नका.)

आता गारी म्हणजे कसाव्याचा कीस आंबवून, पिळून, भाजून केलेला रवा; आणि कसावा म्हणजे ज्याचा तुम्ही साबुदाणा करून उपासाला खाता, तोच कंद. परसात तो इरोकानंच लावला होता. लावला म्हणजे काय, काड्या खोचल्या आणि वर्षभर त्यांच्याकडं बघून मिशीवर ताव दिला. उपटायला गेला तर अर्धं झाड हातात आणि अर्धे कंद जमिनीत. तरी सोडले नाहीत. मांडी घालून, उकरून काढले. सोलले, धुतले. गिरणीवर न्यावेत तर तिथं बायकांची रांग, आणि रांगेत अदाकू. म्हणून खिळ्यानं भोकं पाडलेल्या पत्र्यावर किसले. किसात थोडी इरोकाची बोटंही गेली, पण ती मोजण्याइतकी नाहीत.

कीस पोत्यात भरून त्यावर फळी आणि फळीवर दगड ठेवले. दगड रात्री घसरायचे, इरोका सकाळी चढवायचा. पाणी निथळेना. मागणीचा दिवस उजाडला, ओझिओमा आईला आणायला मोटारस्टँडवर गेली, आणि पोतं अजून ओलंगच्च!

"बरं," इरोका पोत्याला म्हणाला, "तू हटवादी, तर मी कोण?" आणि तो स्वतःच फळीवर बसला. देवानं अंगाला वजन दिलं ते कधीतरी कामी यावं म्हणूनच ना! बसल्या बसल्या त्यानं पोत्याभोवतीची दोरी काठी घालून पिळली. करकचून पिळली. खालून पाण्याची धार लागली. खूश होऊन सरकायला गेला, तर लुंगीचं टोक दोरीच्या पिळात अडकलेलं. काठी सोडावी तर सगळा दाब जाणार. लुंगी सोडावी तर...

तेवढ्यात अंगणात पाहुणे हजर. मुलाचा चुलता मादुका, डोक्यावर मानाची लाल टोपी, मागं ताडीचा घडा घेतलेले दोन म्हातारे.

"एक गाडी इकडंच येत होती, म्हटलं लवकर पोचू," मादुका म्हणाला आणि थांबला. लाल टोपी दिसली की माणसानं उठायचं असतं. इरोकानं लुंगीचा घोळ पोत्यावर नीट पसरला आणि बसूनच हात पुढं केला.

"या या! बसा. कोलाचं फळ आत फडताळात आहे, तेवढं घेऊन या."

"आम्ही आणायचं?" मादुकाचा आवाज चढला. "यजमानानं कोला द्यायचा, का पाहुण्यानं घरात शिरून शोधायचा? उठायलाही जड होतंय का, इरोकाबाबा? मुलगी द्यायची नसेल तर सरळ सांगा, घडा उचलून चालते होतो!"

इरोकाला घाम फुटला. पोरीचं मन त्या मुलावर बसलेलं. काठीवरचा हात तेवढा ढिला पडला नाही.

एवढ्यात एक म्हातारा मादुकाच्या कानाशी लागला. दोघांनी खाली बघितलं. इरोकाच्या बुडाखालून पांढुरकं, आंबूस वासाचं पाणी निघून मादुकाच्या चपलेपर्यंत आलं होतं.

मादुकाचा राग एकदम विरघळला. "अरेरे," तो हळू आवाजात म्हणाला, "बसा, बसा. अजिबात उठू नका."

"अहो, ते कसाव्याचं पाणी आहे!"

"हो हो, कसाव्याचंच," मादुका पाठीवर हात फिरवत म्हणाला. "आमचे वडील म्हणायचे, ताडी सांडली. वय झालं की व्हायचंच." आणि कोला त्यानं स्वतः आत जाऊन आणला.

म्बाफो आली, एका नजरेत काय ते समजली. पाहुण्यांना पुढच्या खोलीत बसवून तिनं काठी उपसली, नवरा मोकळा केला आणि तोंडात पदर कोंबला. पण पोतं खडखडीत कोरडं झालं होतं! इरोकानं कीस चाळला, धुरात डोळे चोळत कढईत भाजला. गारी पडली ती अशी मोकळी, की म्बाफोनंही मान डोलावली.

संध्याकाळी मादुकानं गरम पाण्यात मळलेल्या गारीचा गोळा मोडला, भाजीच्या रश्श्यात बुडवला आणि तोंडात टाकला. "वा! बऱ्याच दिवसांत अशी गारी खाल्ली नाही. कोणाच्या हातची?"

याच प्रश्नासाठी इरोका आठवडाभर झिजला होता. म्बाफो हनुवटीनं खुणावत म्हणाली, "सांगा की आता!" कुंपणाशी अदाकू कान देऊन उभी.

इरोकानं तोंड उघडलं. मादुकाचा दुसरा गोळा ताट आणि तोंडाच्या मध्ये थांबला होता. गारी कोणी केली हे सांगितलं, की ती कशाखाली दाबली हेही निघणार. दाराशी ओझिओमा जीव मुठीत धरून उभी होती.

"हिच्याच हातची," इरोका म्हणाला. "मला कुठली येतीय?"

गोळा तोंडात गेला. लग्न ठरलं. त्या दिवसापासून इरोका समोर येईल ते मुकाट्यानं खातो.

लग्नात मुलाकडच्यांनी मानाच्या खुर्च्यांवर भरजरी कापडं घातली होती. सगळ्यांत उंच खुर्ची इरोकाची. तिच्यावर कापडाखाली प्लास्टिक होतं, आणि खाली, कोणाला दिसू नये अशा बेतानं, एक घमेलं.