आधी पाय धरा

डॉ. खंडारे सरांचं नाव आधी घेतो, मग काय झालं ते सांगतो. मेहकरच्या दवाखान्यातला अतिदक्षता विभाग त्यांच्याकडे. नवा डॉक्टर कामावर आला आणि सरळ मशीनकडे बघायला लागला, की सर मागून ओरडायचे, "काऊन बे, तुले पेशंट मशीनमंदी दिसून राह्यला काय? आधी पाय धर!"

आणि स्वतः पेशंटचे तळपाय दोन्ही हातांत घेऊन उभे राहायचे. रक्त पोचेनासं झालं की पाय गार पडतात. "मशीनच्या आधी पायच चुगली करतात," असं त्यांचं म्हणणं.

जानेफळच्या एका मावशींनी दारातून हे पाहिलं. डॉक्टर आपल्या नवऱ्याच्या पाया पडताहेत म्हणजे माणूस गेलाच, असं समजून त्यांनी हंबरडा फोडला. बाहेरची सगळी मंडळी रडत आत घुसली. त्या गलक्यानं नवऱ्यानं डोळे उघडले आणि विचारलं, "कोन गेलं वं?"

सर म्हणाले, "रडली तं रडली माय, पन त्याले जागं केलं हे बेस केलं!"

बाहेरच्या बाकावर मीही हसलो होतो. आत माझा दादा होता.

आम्ही दोघं राजापूरकडचे, पुलाच्या कामावर आलेलो. दादाला न्यूमोनिया झाला, श्वासासाठी घशात नळी घातली. माझी शाळा आठवीतच सुटलेली. डॉक्टरांचं अर्धं बोलणं कळायचं नाही आणि विचारायची भीती वाटायची. सर ते ओळखायचे. शिकाऊ डॉक्टर सायली मॅडमना माझ्यासमोर उभं करून म्हणायचे, "याले समजंल असं सांग. याले समजलं नाही म्हणजे तुलेच समजलं नाही."

एका सकाळी दादाची तब्येत ढासळली. सर त्याच्यापाशीच उभे राहिले, संध्याकाळपर्यंत. मग सायली मॅडम बाहेर आल्या. "आम्ही सगळे प्रयत्न..." एवढं बोलून अडकल्या.

मागून सर हळूच म्हणाले, "आधी त्याच्यापाशी बस पोरी. मंग सरळ सांग."

त्या बसल्या. "तुमचा दादा गेला," म्हणाल्या, आणि माझ्याआधी त्याच रडल्या. सर त्यांना रागावले नाहीत.

आईला फोन लावायची माझ्यात ताकद नव्हती. सरांनी लावला. सांगितलं, आणि ती रडत होती तोवर "हाव माय, हाव" म्हणत फोन कानाला धरून राहिले. रडणं जरा थांबल्यावर आईचा आवाज मला ऐकू आला, "डॉक्टरांनू, तुम्ही त्याच्यापाशीच होतात ना? जेवलात काय?"

सर भिंतीकडे वळले.

"नाही जेवलो माय," म्हणाले. "घरी इचारनारं कोनी नाही."

दादाला मी गावी पोचवलं. आता पुन्हा कामावर आलोय. सरांना एकदा आमच्या घरी नेणार आहे, आईसमोर पाटावर बसवणार आहे. ते सुट्टी घेत नाहीत म्हणे. नाही घेतली, तर आईलाच मेहकरला आणीन. पण त्यांना तिच्या हातचं जेवू घालीन.