चाक थांबल्याशिवाय नोंद न्हाय

आनंदा चौगुलेच्या घरी तुम्ही गेलात, तर तो "या, बसा" म्हणत नाही. आधी मनगटावरचं घड्याळ बघतो. "अठरा-बारा. बारा मिनिटं लेट," असं म्हणतो आणि मग खुर्ची पुढं सरकवतो. सहाला येतो असं तुम्ही म्हणाला होता, ही तुमची चूक. न सांगता गेलात तर आणखी वाईट. "ही गाडी टायमटेबलात न्हाय," असं ऐकून घ्यावं लागतं आणि चहाही उशिरा मिळतो.

आंद्या एकतीस वर्षं एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खिडकीमागं बसून आल्या-गेल्या गाड्यांच्या नोंदी करायच्या आणि माईकवरून पुकारायचं, हे त्याचं काम. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण ती नुसती कागदोपत्री. पुतणीच्या लग्नात उचगावहून वऱ्हाड यायचं होतं. उशीर होत होता, भटजी घामाघूम झाले होते. ह्यानं त्यांच्या हातातला माईक घेतला आणि "उचगावहून येणारी नवरदेवाची गाडी चाळीस मिनिटं उशिरानं धावत आहे, प्रवाशांनी नोंद घ्यावी," असं जाहीर करून टाकलं. सख्खा भाऊ वर्षभर त्याच्याशी बोलत नव्हता.

त्याचा नियम एकच. "चाक थांबल्याशिवाय नोंद न्हाय." गाडी फाटकात दिसली तरी हा कागदाला पेन टेकवायचा नाही. त्याला कारणही होतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी, रोजचीच गाडी, येणारच, म्हणून त्यानं आधीच 'आली' असं लिहिलं आणि पुकारलं. गाडी आंबा घाटात बंद पडली होती. एक म्हातारी लेकाला न्यायला आली होती. 'आली' असं ऐकून ती तीन तास फलाटावरच्या एकेका गाडीत डोकावत फिरली. हे सांगताना आंद्या अजूनही खाली बघतो.

बायको गेली तेव्हा डॉक्टरांनी कागदावर 'पहाटे पाचच्या सुमारास' असं लिहिलं. "सुमारास म्हंजे?" म्हणून हा तिथंच भांडत बसला. लोक म्हणाले, काय माणूस आहे. मीही म्हणालो. आता तो शिवाजी पेठेत दोन खोल्यांत एकटा राहतो.

आमचा दहावीतल्या पोरांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. पोरं म्हणजे आता सगळे अडुसष्टचे. त्यात बोलणारे आम्ही चौघंच उरलो होतो: आंद्या, मी, दुधाचा धंदा करणारा बाळू आणि दिनू खाडे. बाकीचे नुसते वाचतात. बाळूचं खातं ठरलेलं आहे. कुणी गेलं की पाच मिनिटांत समई-फुलांसकट 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकायची. त्याच्या फोनात ती तयारच असते, नाव तेवढं बदलायचं.

दिनू लेथवर काम करणारा. घशाच्या कॅन्सरनं त्याचा आवाज गेला, आणि गेल्या वर्षी डॉक्टरांनी "आता घरी न्या" असं सांगितलं. कसबा बावड्यातल्या घरात खिडकीजवळच्या कॉटवर तो पडून असायचा. बोलायचं ते सगळं फोनवर टाईप करून. त्याला शाळेपासून विमानांचा नाद. आम्ही कैऱ्या पाडायला जायचो तेव्हा हा विमानतळाच्या कुंपणाला नाक लावून बसायचा, कधीतरी एखादं विमान यायचं तेवढ्यासाठी.

ती बातमी ग्रुपवर त्यानंच टाकली. परदेशातली एक बाई, आमच्याच वयाची, लहानशा विमानातून एकटी जगाला फेरी मारायला निघाली होती. त्या वयात हे कुठल्याच बाईनं केलं नव्हतं. खाली दिनूनं लिहिलं होतं, "हिला सुखरूप उतरलेली बघायची हाय. मग माझं काय का हुईना."

आम्ही तिघांनीही ते वाचलं. अशा वेळी काय लिहायचं असतं ते मला अडुसष्ट वर्षांत कुणी शिकवलं नाही. मग आंद्याचा मेसेज आला, "नोंद माझ्याकडं."

त्यानं विमानं दाखवणारं एक ॲप फोनात घेतलं, शंभर पानी वही आणली आणि कामाला लागला. "गाडी सुटली, सहा-चाळीस. हवा बरी. प्रवासी एक." "गाडी थांब्यावर. चालक जेवाय गेली असंल." बाळू तर त्या बाईला वहिनीच म्हणायला लागला. "वहिनींचा आज मुक्काम कुठं?" असं रोज विचारायचा. दिनूच्या शंका संपायच्या नाहीत. धावपट्टी केवढी, वारा कुठल्या बाजूचा, डिझेल कुठं भरलं. डिझेल नसतं बाबा त्यात, असं त्यालाच माहीत होतं, पण आंद्याला छळायला विचारायचा. आंद्या सगळं शोधून, चष्मा पुसत, एका बोटानं उत्तरं लिहायचा. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी सकाळी उठलो की चष्म्याच्या आधी फोन हातात यायचा.

पाच आठवडे हे चाललं. दिनू बारीक होत गेला तसे त्याचे मेसेजही बारीक होत गेले. तरी गाडी उतरली की "कुठं? वारा?" एवढं तो विचारायचाच.

मग समुद्रावरचा मोठा टप्पा आला. सकाळी नऊच्या दरम्यान नकाशावरचा ठिपका नाहीसा झाला. आंद्यानं लिहिलं, "समुद्रावर रेंज नसती. गाडी घाटात हाय. कुणी घाबरू नका." उतरायची वेळ दुपारी दोनची होती. दोन वाजून गेले, तीन वाजले. विमानाशी संपर्क तुटला, अशी बातमी कुणीतरी टाकली. आणि चार वाजता बाळूनं समई पेटवली. 'भावपूर्ण श्रद्धांजली. वहिनींच्या आत्म्यास शांती लाभो.'

नुसते वाचणारेही जागे झाले. दहा मिनिटांत चौदा जणांनी हात जोडले. त्यांत एक मी होतो. सवयीनं अंगठा जातो, दुसरं काय सांगू. दिनूनं ते सगळं वाचलं होतं, तसं खाली दिसत होतं. मला माझी लाज वाटली.

"कुणी सांगिटलं गेली म्हणून?" आंद्याचा मेसेज आला. "उतरल्याची नोंद न्हाय, पडल्याची बी न्हाय. काढ ते बाळ्या. दिन्या बघालाय." बाळूनं काढलं. त्यानंतर आंद्याचा पत्ता नाही. मी तीनदा फोन केला, उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली. वारा उलटा लागला म्हणून बाई वाट सोडून एका लहानशा बेटावर उतरली होती, सुखरूप. मी ती घाईघाईनं ग्रुपवर टाकली. दिनूच्या फोनवरून उत्तर आलं, पण ते त्याच्या बायकोचं होतं. "हे पहाटे गेले."

त्या दिवशी बाळूनं ग्रुपवर काहीच टाकलं नाही. पुढं बाईनं फेरी पुरी केली, विक्रमही झाला. आम्ही तिघांनी ते वाचलं, एवढंच.

रक्षाविसर्जनाच्या सकाळी दिनूची बायको, मालनवहिनी, मला म्हणाल्या, "आनंदाभावजी आदल्या दिवशी दुपारी साडेचारला आलतं. स्कूटर दारात तशीच आडवी टाकली आन आत यिऊन ह्यास्नी म्हणालं, उतरली. ह्यांच्या तोंडावर जरा बरं वाटलं बगा."

साडेचारला ती उतरल्याचं आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आंद्या पंचगंगेच्या काठाला पायरीवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. "तू दिन्याला उतरली म्हणून सांगिटलंस?"

"व्हय. सोळा-बावीस असा टायम बी दिला."

"मग? खरंच उतरलीती की ती."

"ते मला तवा कुठं म्हाईत हुतं? खोटी नोंद ती खोटीच." तो पाण्याकडे बघत राहिला. "त्याचं बी काय न्हाय. पर दिन्यानं मला काय इचारलंच न्हाय. कुठं उतरली, वारा कसला, कायबी न्हाय. नुसता माझा हात थोपटला. बोटं चालत हुती त्याची, फोन उशाला हुता. त्यानं वळखलं रं. वळखलं, आन मला वाईट वाटंल म्हणून गप ऱ्हायला."

ह्या माणसाला आम्ही जन्मभर हसलो.

"काय तर बोलू नकोस," मी म्हणालो. "मला त्याचा मेसेज आलता की. 'आपली बाई उतरली' म्हणून. लई खुशीत हुता."

मला असला कुठलाही मेसेज आला नव्हता. आता हा "किती वाजता?" म्हणणार, मग फोन दाखव म्हणणार. सोळा-पन्नास अशी वेळ मी मनात तयार ठेवली. फोन घरी राहिला असं सांगायचंही ठरवलं.

आंद्यानं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं."

वेळ त्यानं विचारलीच नाही.